साठीला चाकू वाटावेत का?

गुहागरकडच्या एका बागायतदार गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या मार्गशीर्षात त्यांची साठी आहे, आणि त्या निमित्ताने शाल-श्रीफळाचे देणेघेणे टाळून जुन्या मित्रांना, तसेच वर्षभर बागेत येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना घडीचा, खिशात मावणारा एकेक चाकू द्यावा असे त्यांच्या मनात आहे. घरातून मात्र दोन हरकती आल्या आहेत: पत्नी म्हणतात की धारेची वस्तू भेट दिली की मैत्री तुटते, आणि मुलगा म्हणतो की उद्या कुणी काही केले तर पोलीस आपल्या दारात उभे राहतील. शिवाय एकाच जातीचे डझनभर चाकू घ्यावेत की माणूस पाहून वेगवेगळे घ्यावेत, हेही त्यांनी विचारले आहे.

मी सावंतवाडीच्या परिसरात गेली एकतीस वर्षे आंब्याची आणि काजूची कलमे बांधतो. चाकू हे माझ्या पोटापाण्याचे साधन असल्यामुळे तो सदैव खिशात असतो, आणि खिशात असतो म्हणूनच माझ्या हातून आजवर शंभराच्या वर चाकू इतरांकडे गेले असतील. त्यांतले बरेचसे सत्कारणी लागले, काही कपाटात पडून राहिले, आणि दोन-तीन दिल्याची मला आजही चुटपुट आहे. त्या अनुभवावरून सांगतो की चाकू अवश्य द्यावेत; मात्र साठीच्या दिवशी, जेवणाच्या पंगतीनंतर, रांगेने देऊ नयेत.

मी कुणालाही चाकू देण्याआधी तो उसना देतो. हे मुद्दाम परीक्षा घेण्यासाठी सुरू केले नव्हते; रोपवाटिकेत दिवसातून चार जण तरी चाकू मागतातच, त्यातून ते आपोआप लक्षात येत गेले. एकदा काजूची कलमे न्यायला आलेल्या टेम्पोच्या चालकाने ताडपत्रीची दोरी कापायला माझा चाकू मागितला. त्याने दोरी आपल्या अंगापासून लांब धरून बाहेरच्या दिशेने कापली, पात्याला लागलेला चीक पँटच्या बाजूला पुसला, बोटे पात्याच्या वाटेतून काढून तळव्याने चाकू मिटला आणि मग मूठ माझ्याकडे करून परत दिला. मी त्याला म्हटले, राहू दे तुझ्याकडेच. त्याच आठवड्यात एका चांगल्या परिचिताने त्याच प्रकारचा चाकू मागून घेतला आणि फोनवर बोलता बोलता तो उघडाच, पाते पुढे करून माझ्यासमोर धरला. त्या गृहस्थांशी माझा पंधरा वर्षांचा घरोबा आहे, पण त्यांना मी चाकू दिलेला नाही, आणि त्यामुळे घरोब्यात काही उणेही पडलेले नाही. अनोळखी माणसाला द्यावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर याच दोन प्रसंगांत आहे: ओळख किती जुनी यापेक्षा वस्तू परत करण्याची तऱ्हा मला अधिक सांगून जाते. हातात येताच जो चाकू सिनेमातल्यासारखा झटके देऊन उघडमीट करतो, त्याला देऊ नये. ज्याच्या घरात भांडणे धुमसत आहेत किंवा जो संध्याकाळी शुद्धीवर नसतो, त्याला तर नाहीच.

आता कोणता चाकू द्यावा, हा भाग जरा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते. दुसरी बाजू सपाट ठेवलेली असते. कोय कलम, म्हणजे आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर बांधायचे कलम, करताना दहा-पंधरा दिवसांचे, अजून तांबूस पानांचे रोप कोयीच्या वर पाच-सहा सेंटीमीटरवर छाटतात, खुंटाला, म्हणजे उरलेल्या खोडाला, मधोमध चार सेंटीमीटरची उभी चीर देतात आणि तेवढ्याच लांबीची पाचर हव्या त्या जातीच्या झाडाच्या काडीला घेऊन ती त्या चिरेत बसवतात. काडीची पाचर एका ओढीत, सरळ उतरली पाहिजे. सपाट बाजू लाकडाला टेकून चालली की काप आरशासारखा येतो, सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या थराला सगळीकडून चिकटतो, आणि वर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली की कलम धरते. काप वळलेला असेल तर मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी शिरते आणि काडी काळी पडते.

असा एक चाकू मी शेजारच्या गावातल्या एका मित्राला मोठ्या हौसेने दिला. त्याने स्वतःच्या बागेसाठी कलमे बांधायला सुरुवात केली, आणि दोन पावसाळे त्याची निम्मीअधिक कलमे मेली. मी त्याला काडी निवडण्यापासून पट्टी बांधण्यापर्यंत सगळे पुन्हा पुन्हा समजावले, आणि मनातल्या मनात ठरवून टाकले की याच्या हातात कलम नाही. तिसऱ्या वर्षी जुलैत त्याच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बसून तो काडी कापत असताना पाहिले, तेव्हा कळले की तो डावखुरा आहे. जेवताना उजवा हात, लिहिताना उजवा हात, लहानपणी घरच्यांनी वळवलेला; पण हत्यार मात्र तो डाव्या हातात धरत होता, आणि उजव्यासाठी घासलेली धार त्याच्या हातात प्रत्येक ओढीला लाकडात खोल शिरून काप वळवत होती. मी त्याला उलट बाजूने घासलेला चाकू आणून दिला. तेव्हापासून मी कुणालाही चाकू देण्यापूर्वी तो कोणत्या हाताने दोरी कापतो, हे पाहतो. उसना देण्याचा हा आणखी एक उपयोग. आपल्याला ज्यांच्याविषयी खात्री नाही, त्यांना दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेला साधा चाकूच द्यावा. तो कोणत्याही हाताला चालतो.

पात्याच्या धातूविषयी शहरातले जाणकार साध्या पोलादाची फार स्तुती करतात, आणि ती खोटी नाही. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या कमानपट्ट्यापासून जी पाती करतात त्यांना दगडावर चार हात मारले की वस्तऱ्यासारखी धार येते. पण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, अशा पात्यावर एका रात्रीत तांबूस ठिपके उमटतात. ते प्रथम पाते उघडण्यासाठी असलेल्या नखाच्या खाचेत आणि बिजागरीपाशी दिसतात, कारण ओल तिथे साचते. कैरीच्या चिकाने, काजूच्या बोंडूच्या रसाने आणि कोकमाच्या आमसुली आंबटपणाने पाते काळे पडते ते वेगळेच. ज्याला रोज पुसून तेल लावण्याची सवय आहे त्याला साधे पोलाद द्यावे. बाकी सर्वांना स्टेनलेस द्यावे, म्हणजे ज्यात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते ते. तेही गंजते, पण उशिरा गंजते आणि दुर्लक्ष पुष्कळ सहन करते.

लाकडी मुठीचे परदेशी चाकू हल्ली आपल्याकडेही मिळतात. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल 1890 सालापासून बनतो, आणि 1955 पासून त्याच्या गळ्याशी एक फिरती कडी असते, जी फिरवली की पाते उघडल्या जागी अडकून राहते. चाकू हलका आणि स्वस्त आहे, पण त्याची बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ आषाढात फुगते आणि पाते आत रुतून बसते. मुठीचे टोक पाटावर ठोकले की पात्याचे टोक थोडे वर येते आणि ते चिमटीत धरून ओढता येते; ही युक्ती सांगितल्याशिवाय तो चाकू कोकणात कुणाला देऊ नये, नाहीतर पहिल्याच पावसात तो बिघडला म्हणून फेकला जाईल. स्वित्झर्लंडचा लाल, अनेक अवजारांचा चाकू सर्वांना ठाऊक आहे. सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठीच्या ज्या चाकूवरून आजचे चाकू आले त्याची नोंदणी 1897 सालची आहे. त्याची किंमत मात्र हजार रुपयांच्या पुढे सुरू होते, आणि महाग चाकू भेट मिळाला की माणूस तो वापरत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे. याच कारणासाठी पात्यावर नाव कोरून घेऊ नका. नाव कोरलेला चाकू शोकेसमध्ये जातो.

बंदरावरच्या माणसाला घडीचा चाकू देऊ नका, हे मला एका रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे मोठे जाळे ओढणाऱ्याने, शिकवले. मी दिलेला चाकू त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “वाळू भरतली हेच्यात, मगे उघडतलो कसो?” तो बरोबर होता. जाळ्यात दोरी अडकली तर ओल्या, मासळीने निसरड्या झालेल्या एका हाताने चाकू निघाला पाहिजे. दुसरा हात दोरीवर असतो. नखाने उघडायचे पाते तिथे कुचकामी आहे. अशा माणसाला न मिटणारे, बोटभर लांबीचे, म्यान असलेले स्वस्त स्टेनलेस पाते द्यावे आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर दुसरे द्यावे.

माझ्याकडे पिशव्या भरायला आणि पट्ट्या बांधायला ज्या बायका येतात, त्या वर्षानुवर्षे दाढीचे अर्धे मोडलेले पाते वापरत होत्या. त्याला मूठ नाही, मिटण्याची सोय नाही. काम झाले की ते कागदात गुंडाळून ठेवायचे, आणि बोटे कापून घ्यायची. चाकू द्यायची माणसे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतात, आणि मीही पहिली काही वर्षे हीच चूक केली. साडीला खिसा नसतो, म्हणून त्यांच्यासाठी मी मुठीच्या टोकाला भोक असलेले लहान चाकू आणतो आणि त्यात सुती दोरी ओवून देतो. त्या तो कनवटीला खोचतात किंवा मंगळसूत्रासारखा गळ्यात घालून पदराआड ठेवतात. मी दिलेल्या सगळ्या चाकूंत सर्वाधिक झिजलेले चाकू हेच आहेत. त्यांतला एक परवा धार लावायला माझ्याकडे आला, तेव्हा त्याचे पाते मूळच्या निम्म्या रुंदीचे उरले होते आणि दोरी तिसऱ्यांदा बदललेली होती.

मुलांविषयी एवढेच सांगतो की आईवडिलांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि देताना पाते अडकणारा चाकूच द्यावा. साध्या घडीच्या चाकूचे पाते केवळ स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. ओढून कापताना ते सुरक्षित असते, पण टोक कशात खुपसले की उलटे मिटते आणि बोटांवर येते. मुले हमखास खुपसतात.

आता वहिनींच्या हरकतीकडे वळू, आणि ती हसण्यावारी नेऊ नये असे माझे मत आहे. आपल्याकडे सुरी, विळी, कात्री एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. खाली ठेवतात आणि दुसरा ती उचलतो. रिकामी कात्री वाजवली तर घरात भांडण होते, असेही आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. धारेच्या वस्तूवर एकाच वेळी दोन हात असू नयेत, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट आजही तितकीच खरी आहे. विशेष म्हणजे इंग्लंडात आणि युरोपच्या बऱ्याच भागांतही चाकू भेट दिल्याने मैत्री तुटते असा समज आहे, आणि त्यावर त्यांचा तोडगा असा की घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणे द्यायचे, म्हणजे चाकू भेट न राहता विकत घेतलेला होतो. मी दोन्हीकडचे घेतले आहे. चाकू मिटून बाकावर ठेवतो, घेणारा तो स्वतः उचलतो, आणि मी त्याच्याकडून एक रुपया घेतो. सुरुवातीला रुपयाऐवजी सुपारी घेत असे, पण सुपारीला कीड लागते आणि रुपयाला लागत नाही. हे रुपये पावडरीच्या एका जुन्या डब्यात जमतात, आणि खंडेनवमीला कोयता, कात्र्या, करवती आणि कलमाचे चाकू पुजतो तेव्हा तो डबाही त्यांच्या शेजारी मांडतो. वहिनींना ही रीत सांगून पाहा. रुपया मागितला की माणूस आधी गोंधळतो, मग कारण विचारतो, आणि त्या दोन मिनिटांत चाकू कसा मिटायचा हे त्याला दाखवायची आयती संधी मिळते.

चिरंजीवांची शंका कायद्याची आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात, ज्याला बातम्यांत हत्यार कायदा म्हणतात, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. आणि त्याखालच्या नियमांत सुऱ्यांचा उल्लेख येतो तो 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांच्या संदर्भात, त्यातही घरगुती, शेतीविषयक, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती सोडून. खिशातल्या चाकूचे पाते तीन इंचांच्या आसपास असते, त्यामुळे तो तिथपर्यंत पोहोचत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीला किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, आणि त्या मुदतीत सार्वजनिक ठिकाणी चाकूच काय, काठी बाळगण्यासही बंदी असते. आदेशाची बातमी वर्तमानपत्रात येते. त्या दिवसांत चाकू बागेत ठेवावा, बाजारात नेऊ नये, आणि ज्याला आपण चाकू देतो त्यालाही हे सांगावे. सभा, मिरवणूक, शिमग्याची गर्दी, न्यायालय, शाळा या ठिकाणी मी तो एरवीही नेत नाही. खटका दाबताच पाते बाहेर उडणारे चाकू मी विकत घेत नाही आणि देतही नाही. कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी पाहणाऱ्याला ती वस्तू हत्यारच वाटते, आणि तसे वाटणे तपासणी नाक्यावर आपल्या उपयोगाचे नसते. उरला प्रश्न कुणी वाईट काम करण्याचा, तर ज्याच्या घरी कोयता आणि विळी आहे त्याला तीन इंचांच्या चाकूची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्याविषयी मनात किंतु आला त्याला देऊ नये, एवढी खबरदारी पुरे.

प्रवासाविषयी मात्र मी स्वतः फसलेलो आहे. गणपतीला आलेल्या एका चाकरमानी मित्राला निघण्याच्या सकाळी मी अंगणात चाकू दिला, त्याने तो आनंदाने पाठीवरच्या पिशवीत टाकला, आणि विमानतळावरच्या तपासणीत तो काढून घेतला गेला. चूक तपासणाऱ्यांची नव्हती. विमानाच्या आत नेण्याच्या सामानात चाकू चालत नाही हे मला ठाऊक होते आणि सांगायचे राहून गेले. विमानाने जाणाऱ्याला चाकू द्यायचा तर तो जमा करण्याच्या बॅगेत स्वतःच्या डोळ्यांदेखत ठेवून घ्यावा. परदेशी जाणाऱ्याच्या बाबतीत त्या देशाचा नियमही पाहावा: ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा, न अडकणारा घडीचा चाकू सबळ कारणाशिवायही जवळ बाळगता येतो, पण पाते अडकणारा असेल तर तो कितीही लहान असला तरी कारण दाखवावे लागते. म्हणजे मुलांसाठी जो चाकू मी सुरक्षित म्हटला, तोच तिथे अडचणीचा ठरतो.

देण्यापूर्वी चाकूला स्वतः धार लावा. दुकानातून आलेल्या चाकूची धार बहुधा घाईत लावलेली असते, आणि बोथट चाकू अधिक घातक असतो, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोराने तो निसटतो. दोन बाजूंचा साधा दगड पुरतो. पाते दगडाशी साधारण वीस अंशांत धरावे आणि दोन्ही बाजूंना सारखे हात मारावेत. केळीच्या पानाचा तुकडा अधांतरी धरून त्यावर पाते ओढले आणि ते पान न फाटता चिरत गेले, म्हणजे धार आली. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल तेथे घालू नये. ते थंडीच्या सकाळी गोठते आणि काही महिन्यांत धूळ धरून चिकट होते. पात्यावर मात्र खोबरेलच लावावे, कारण त्याच पात्याने माणूस आंबा कापून खाणार असतो. खोके काढून टाका. खोक्यासकट दिलेली वस्तू खोक्यातच राहते.

तेव्हा डझनभर चाकू एकदम घेऊ नका. सध्या चार घ्या: दोन साधे स्टेनलेसचे, एक पाते अडकणारा आणि एक दोरी ओवलेला. एक स्वतःच्या खिशात ठेवून रोज वापरा, मागेल त्याला उसना द्या, आणि साठीच्या तारखेची वाट न पाहता जसजशी माणसे समोर येतील तसतसे ते जाऊ द्या. चार संपले की पुन्हा आणा. उरलेले चाकू पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, म्यानाला बुरशी येते आणि आतले पाते खराब होते. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वर वर्तमानपत्र बांधून चुलीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवा, आणि गौरीगणपतीच्या सुमारास एकदा उघडून पाहा.